सर्वांत मोठी खेळी कोणाची?

क्रिकेट हा खेळ मैदानावर जितका खेळला जातो, तितकाच तो दिवाणखान्यांत आणि आगगाडीच्या डब्यांतही खेळला जातो. आणि दिवाणखान्यांतल्या खेळाला पंच नसल्यामुळें तो लवकर संपत नाहीं. वाद कोठूनही सुरू झाला तरी अखेर तो एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो : या दोन फलंदाजांत मोठा कोण? मग कोणीतरी उठून आंकड्यांचें पुस्तक काढतो, नांवांपुढील रकान्यांवरून बोट फिरवितो आणि एका रकान्यापाशीं थांबतो. त्या रकान्याचें नांव ‘सर्वोच्च धांवसंख्या’. एकाच्या नांवापुढें ४०० असतात, दुसऱ्याच्या नांवापुढें २४८ असतात. आणि वाद मिटला असें समजून चहा मागविला जातो.

श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला या एका रकान्याविषयींच बोलावयाचें आहे. हा रकाना खोटें बोलतो असें माझें म्हणणें नाहीं. त्यांतील प्रत्येक आंकडा खराच असतो. परंतु साक्षीदार कितीही सत्यवादी असला, तरी त्यानें जें पाहिलेंच नाहीं तें त्याला विचारलें म्हणजे निवाड्यांत घोटाळा व्हावयाचाच.

हा घोटाळा केवढा होतो तें पाहा. वासिम अक्रम हा पाकिस्तानचा डावखुरा वेगवान गोलंदाज. त्याची कीर्ति गोलंदाजीची; फलंदाजी हा त्याचा जोडधंदा. १९९६ सालीं शेखूपुरा येथें झिंबाब्वेविरुद्ध आठव्या क्रमांकावर येऊन त्यानें नाबाद २५७ धांवा काढल्या. सचिन तेंडुलकर यांची सर्वांत मोठी कसोटी खेळी नाबाद २४८ ची. ती २००४ सालीं ढाक्यास झाली. म्हणजे रकान्याच्या न्यायानें अक्रम हा तेंडुलकरांहून नऊ धांवांनीं मोठा फलंदाज ठरला! याहून गमतीचें उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या जेसन गिलेस्पीचें. हाही गोलंदाजच. २००६ सालीं चितगांव येथें बांगला देशाविरुद्ध दिवस मावळतां मावळतां गडी बाद झाला, तेव्हां चांगला फलंदाज अपुऱ्या उजेडांत कशाला धोक्यांत घाला, म्हणून याला पुढें केलें. क्रिकेटमध्यें अशा माणसास रात्रीचा पहारेकरी म्हणतात. हा पहारेकरी सकाळ झाली तरी घरीं गेलाच नाहीं. आपल्या वाढदिवशीं द्विशतक पुरें करून तो नाबाद २०१ वर राहिला, आणि तोच त्याचा शेवटचा कसोटी सामना ठरला. आतां विजय मर्चंट यांची सर्वोच्च कसोटी धांवसंख्या १५४, विजय हजारे यांची नाबाद १६४ आणि दिलीप वेंगसरकर यांची १६६ आहे. या तिघांनाही गिलेस्पीच्या खालच्या पाटावर बसवावयास आपण तयार असूं, तरच या रकान्यावर विसंबावें.

मग हा आंकडा सांगतो तरी काय? धांवा फलंदाज काढतो हें खरें. पण किती धांवा काढावयास मिळाव्या हें ठरविणाऱ्या गोष्टी निराळ्या असतात. समोरची गोलंदाजी कोणाची, खेळपट्टी कशी, सामना किती दिवसांचा, कर्णधाराचा हिशेब काय, आणि क्षेत्ररक्षकांचे हात किती घट्ट, या सर्वांचा त्यांत वांटा असतो. मोठी खेळी ही फलंदाजाची स्वकष्टार्जित मिळकत खरी, तथापि तींत हिस्सेदार पुष्कळ असतात. १९९० सालीं लॉर्ड्सवर ग्रॅहम गूचनें भारताविरुद्ध ३३३ धांवा काढल्या. तो ३६ वर असतांना यष्टीमागें किरण मोरे यांच्या हातून त्याचा झेल निसटला होता. बाकीच्या २९७ धांवा कोणाच्या खात्यावर मांडावयाच्या, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

कसोटी क्रिकेटची अगदीं पहिलीच मोठी खेळी घेऊं. १८७७ च्या मार्च महिन्यांत मेलबोर्न येथें पहिला कसोटी सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बॅनरमननें त्यांतला पहिला चेंडू खेळला, पहिली धांव काढली, पहिलें शतकही काढलें. आणि १६५ वर असतांना बोटाला इजा होऊन त्याला तंबूंत परतावें लागलें. साऱ्या संघाच्या धांवा झाल्या २४५. उरलेल्या दहाजणांपैकीं एकालाही २० ची मजल गांठतां आली नाहीं. म्हणजे दर शंभरांतल्या सदुसष्ट धांवा एकट्या बॅनरमनच्या! हें प्रमाण आज जवळजवळ दीडशें वर्षांनींही कसोटीच्या कोणत्याही पुऱ्या झालेल्या डावांत कोणी ओलांडलेलें नाहीं. रकान्यांत मात्र हे १६५ शेंकडों आंकड्यांच्या खालीं कोठेंतरी पडलेले असतात.

बॅनरमनच्या पुढचे उच्चांक कसे चढत गेले तें पाहिलें, तर फलंदाजांच्या इतिहासाबरोबरच परिस्थितीचाही इतिहास वाचावयास मिळतो. १९३३ सालीं इंग्लंडच्या वॉल्टर हॅमंडनें ऑकलंड येथें नाबाद ३३६ धांवा काढून ब्रॅडमनचा ३३४ चा उच्चांक मोडला. हॅमंड हा थोरच फलंदाज. परंतु न्यूझीलंडला कसोटीच्या पंक्तीला बसून तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं, आणि त्या सामन्यांत त्यांचा स्वतःचा पहिला डाव १५८ धांवांत आटोपला होता. पुढें १९३८ च्या ऑगस्टमध्यें लंडनच्या ओव्हल मैदानावर लेन हटननें ३६४ धांवा केल्या. बावीस वर्षांचा हा तरुण तेरा तास सतरा मिनिटें खेळपट्टीवर उभा राहिला. त्याच्या चिकाटीला तोड नाहीं. पण तो सामना बेमुदत होता. निकाल लागेपर्यंत हवे तितके दिवस खेळावयाचें असा करारच होता. घड्याळाकडे पाहण्याचें कारण कोणासच नव्हतें. इंग्लंडनें ७ बाद ९०३ वर डाव घोषित केला तोही केव्हां, तर गोलंदाजी करतांना ब्रॅडमनचा पाय दुखावला व तो फलंदाजीस येणार नाहीं हें कळल्यावर. ऑस्ट्रेलियाच्या फ्लीटवुड-स्मिथनें २९८ धांवा देऊन एक बळी मिळविला! आजच्या पांच दिवसांच्या सामन्यांत तेरा तास एकट्यानें खेळूं लागला, तर पुष्कळ वेळां स्वतःचाच कर्णधार त्याला परत बोलावील.

हटनचा उच्चांक जवळजवळ वीस वर्षें टिकला. १९५८ सालीं जमैकांत किंग्स्टन येथें एकवीस वर्षांच्या गारफील्ड सोबर्सनें नाबाद ३६५ धांवा करून तो एका धांवेनें मागें टाकला. कसोटींतलें त्याचें हें पहिलेंच शतक. सोबर्ससारखा अष्टपैलू खेळाडू दुसरा झाला नाहीं असें मानणाऱ्यांपैकीं मी आहें. तरीहि सांगितलें पाहिजे कीं, त्या सामन्यांत पाकिस्तानचे गोलंदाज जायबंदी होऊन बराचसा भार दोघांच्याच खांद्यांवर पडला होता. फझल महमूदनें २४७ धांवा दिल्या. खान महंमदनें २५९ दिल्या व त्याला एकही बळी लाभला नाहीं. वेस्ट इंडीजनें ३ बाद ७९० वर डाव थांबविला. ही सोबर्सची सर्वांत मोठी खेळी होय. त्याची सर्वांत चांगली खेळी होय असें मात्र त्याचे चाहतेही म्हणणार नाहींत.

सोबर्सचा उच्चांक १९९४ सालीं ब्रायन लारानें अँटिग्वा बेटावरील सेंट जॉन्स येथें ३७५ धांवा काढून मोडला. २००३ सालीं पर्थला मॅथ्यू हेडननें ३८० केल्या. समोर गोलंदाजी झिंबाब्वेची. सुमारें सहा महिन्यांनीं लारानें त्याच सेंट जॉन्सवर, त्याच इंग्लंडविरुद्ध, नाबाद ४०० काढून तो मान परत घेतला. त्या मालिकेंतले पहिले तीन सामने इंग्लंडनें आधींच जिंकलेले होते. वेस्ट इंडीजनें ५ बाद ७५१ वर डाव घोषित केला आणि सामना अनिर्णित राहिला. एका माणसानें चारशें धांवा काढाव्या आणि त्याच्या संघाला जिंकतां येऊं नये, ही गोष्ट तेव्हांही पुष्कळांना खटकली होती. या लाराचीच पांच वर्षांपूर्वींची एक खेळी पाहा. १९९९ सालीं ब्रिजटाऊन येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकण्यास ३०८ धांवा हव्या होत्या. समोर मॅक्ग्रा, गिलेस्पी, वॉर्न आणि मॅक्गिल. ८ बाद २४८ अशी अवस्था. अखेरीस ज्याच्या फलंदाजीवर कोणी एक रुपयाचीही पैज लावली नसती असा कोर्टनी वॉल्श सोबतीला असतांना लारानें नाबाद १५३ धांवा काढून सामना एका गड्यानें जिंकून दिला. ४०० आणि १५३! माझ्यापुरता विचाराल तर मी दुसरी खेळी पाहावयास बोट धरून समुद्र ओलांडीन.

खेळपट्टीविषयीं बोलावयाचें तर १९९७ सालचा कोलंबोचा सामना सोडून चालणार नाहीं. भारतानें ८ बाद ५३७ वर डाव घोषित केला. मग श्रीलंकेचे फलंदाज आले. मुंबईचे नीलेश कुलकर्णी यांनीं आपल्या कसोटी जीवनांतल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टूला बाद केलें. असा आरंभ लाखांत एखाद्याच्या नशिबीं येतो. त्यानंतर कुलकर्ण्यांनीं त्या डावांत आणखी ४१९ चेंडू टाकले आणि दुसरा बळी त्यांना मिळाला नाहीं. सनथ जयसूर्यानें ३४० धांवा केल्या, रोशन महानामानें २२५ केल्या, दोघांची भागी ५७६ ची झाली आणि श्रीलंकेचा आंकडा ६ बाद ९५२ वर गेला. कसोटींतली ती आजवरची सर्वांत मोठी धांवसंख्या. जयसूर्या हा अव्वल दर्जाचा आक्रमक फलंदाज, यांत संशय नाहीं. पण त्या खेळपट्टीवर गोलंदाजानें करावें तरी काय?

डोनाल्ड ब्रॅडमनचें उदाहरण याहून बोलकें आहे. कारण येथें एकाच माणसाच्या तीन खेळींची आपसांत स्पर्धा आहे. रकान्यांत त्याच्या नांवापुढें ३३४ असतात. त्या १९३० सालीं लीड्सला केल्या. त्यांपैकीं ३०९ एकाच दिवसांत, ११ जुलै रोजीं झाल्या, आणि एका दिवसांत तीनशें धांवा हा पराक्रम कसोटींत त्यानंतर दुसऱ्या कोणासही साधलेला नाहीं. तथापि आपली सर्वांत निर्दोष खेळी म्हणून खुद्द ब्रॅडमन बोट दाखवीत असे तें लीड्सकडे नव्हे; त्याच्या थोडे दिवस आधीं लॉर्ड्सवर काढलेल्या २५४ धांवांकडे. आणि २००१ सालीं विस्डेनच्या नांवानें शंभर उत्तम कसोटी खेळींची यादी हिशेबानें मांडण्यांत आली, तींत अग्रपूजेचा मान मिळाला तो तिसरीलाच, १९३७ च्या जानेवारींतल्या मेलबोर्नच्या २७० धांवांना.

ही मेलबोर्नची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों, कारण आंकडा आणि खेळी यांतला फरक तींत स्वच्छ दिसतो. ऑस्ट्रेलियाचा संघ मालिकेंतले पहिले दोन्ही सामने हरला होता, आणि ब्रॅडमनच्या नायकत्वाखालची ही पहिलीच मालिका. तिसरा सामना गेला कीं सर्वच गेलें. त्या सामन्यांत पाऊस आला. त्या काळीं खेळपट्टी झांकण्याची आजच्यासारखी पद्धत नव्हती. भिजलेली माती उन्हानें वाळूं लागली म्हणजे चेंडू कधीं छातीवर उसळे, कधीं घोट्याखालून सरपटत जाई. ऑस्ट्रेलियानें ९ बाद २०० वर डाव सोडला. इंग्लंडनें ९ बाद ७६ वर सोडला. त्या चिखलांत आपण खेळण्यापेक्षां समोरच्यानें खेळलेलें बरें, असें दोघांनाही वाटत होतें! मग ब्रॅडमननें फलंदाजीचा क्रमच उलटा केला. शेंपटाकडील गोलंदाजांना त्यानें प्रथम पाठविलें आणि स्वतः सातव्या क्रमांकावर राहिला. ५ बाद ९७ असतांना तो आला, तोंवर माती बरीचशी वाळली होती. फिंगलटनच्या साथीनें त्यानें ३४६ धांवांची भागी केली. ऑस्ट्रेलियानें तो सामना ३६५ धांवांनीं जिंकला आणि पुढचे दोन्ही जिंकून मालिका ३-२ अशी खिशांत घातली. पहिले दोन सामने हरून पांच सामन्यांची मालिका जिंकण्याचा योग त्यानंतर कोणत्याही संघाला आलेला नाहीं. या २७० मध्यें मनगटाइतकेंच डोकेंही आहे. रकान्याला मात्र डोकें मोजतां येत नाहीं. त्यानें पसंत केल्या त्या ३३४.

मोठ्या खेळीचा नेहमीं गौरवच होतो असेंही नाहीं. १९६७ सालीं लीड्सवर जेफ्री बॉयकॉटनें भारताविरुद्ध नाबाद २४६ धांवा केल्या. ती त्याच्या आयुष्यांतली सर्वांत मोठी कसोटी खेळी. आणि तिचें बक्षीस म्हणून पुढील सामन्यांतून त्याला वगळण्यांत आलें. अपराध काय, तर फार सावकाश खेळला!

आतां आपल्या फलंदाजांकडे वळूं. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं लॉर्ड्सवर झाला. तेथपासून स्वातंत्र्य मिळेपर्यंतच्या पंधरा वर्षांत आपल्याला अवघे दहा कसोटी सामने मिळाले. मधलीं वर्षें महायुद्धानें खाल्लीं. विजय मर्चंट १९३३ ते १९५१ एवढ्या काळांत दहाच कसोटी सामने खेळले. आजचा खेळाडू तेवढे एका वर्षांत खेळतो. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ होती आणि ज्यांनीं भरपूर खेळ केला आहे अशा फलंदाजांत ती ब्रॅडमनच्या खालोखाल धरली जाते. अशा माणसाच्या कसोटी खेळींतली सर्वांत मोठी १५४ ची असेल, तर उणेपणा माणसांत शोधावा कीं संधींत? ती १५४ ची खेळी १९५१ च्या नोव्हेंबरमध्यें दिल्लीस झाली. मर्चंटांचा तो अखेरचा कसोटी सामना. त्याच सामन्यांत कर्णधार विजय हजारे यांनीं नाबाद १६४ केल्या, आणि तीच त्यांचीही सर्वोच्च धांवसंख्या ठरली. इंग्लंडनें त्या वेळीं आपले पहिल्या प्रतीचे पुष्कळ खेळाडू घरींच ठेवले होते.

परंतु सांगलीच्या या मितभाषी फलंदाजाचें नांव निघालें म्हणजे जाणत्याला दिल्ली आठवत नाहीं, ॲडलेड आठवतें. १९४८ च्या जानेवारींत तेथें ब्रॅडमनच्या संघानें ६७४ धांवांचा डोंगर उभा केला होता. लिंडवॉल आणि मिलर ही त्या काळची सर्वांत भेदक जोडी गोलंदाजीस होती. हजारेंनीं पहिल्या डावांत ११६ आणि फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावांत १४५ धांवा केल्या. एकाच कसोटींत दोन शतकें आपल्याकडे तोंवर कोणीही काढलीं नव्हतीं. भारत तो सामना डावानें हरला. हे दोन्ही आंकडे १६४ हून लहान, म्हणून रकान्यांत दोहोंनाही जागा नाहीं.

पुढच्या पिढ्यांतही हाच प्रकार. वेंगसरकरांची १६६ ची खेळी १९८७ सालीं कटकला श्रीलंकेविरुद्ध झाली. त्याच्या आदल्या वर्षीं जून महिन्यांत लीड्सला ते नाबाद १०२ खेळले होते. त्या सामन्यांत इंग्लंडचा सबंध पहिला डाव १०२ धांवांत आटोपला होता. तेवढ्याच धांवा वेंगसरकरांनीं एकट्यानें काढल्या, आणि तरीही ते बाद झाले नाहींत. पहिल्या डावांतल्या त्यांच्या ६१ धांवाही संघांत सर्वांत अधिक होत्या. गुंडप्पा विश्वनाथ यांच्या नांवापुढें २२२ असतात. १९८२ सालीं मद्रासला इंग्लंडविरुद्धच्या एका अनिर्णित सामन्यांतल्या. परंतु त्याच मद्रासला १९७५ च्या जानेवारींत वेस्ट इंडीजच्या अँडी रॉबर्ट्‌सनें ६४ धांवांत सात गडी उडविले असतां विश्वनाथ नाबाद ९७ राहिले. संघाच्या धांवा १९०. शेवटचा गडी बाद झाल्यानें शतक राहिलें तें राहिलेंच; पण सामना भारतानें शंभर धांवांनीं जिंकला. सुनील गावसकर यांच्या नाबाद २३६ धांवा मला मुळींच कमी लेखावयाच्या नाहींत, कारण १९८३ सालच्या त्या सामन्यांत ते मैदानावर आले तेव्हां भारताचे दोन गडी शून्यावर बाद झालेले होते. तथापि १९८७ च्या मार्चमध्यें बंगलोरला, आपल्या अखेरच्या कसोटी डावांत, चेंडू हातभर वळत असतांना त्यांनीं पाकिस्तानविरुद्ध ज्या ९६ धांवा काढल्या, त्यांची तुलना कशाशीं करावी? संघाच्या एकंदर २०४. दुसऱ्या कोणासही तीस गांठतां आल्या नाहींत. आणि भारत सोळा धांवांनीं हरला. ९७ आणि ९६! शतकांच्या यादींतसुद्धां ज्यांचा शिरकाव नाहीं, अशा या दोन खेळी आहेत.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं, वक्त्याचा मोठ्या आंकड्यांवरच राग दिसतो. तसें नाहीं. मोठा आंकडा आणि मोठी खेळी यांची गांठ पडते तेव्हां क्रिकेटमध्यें त्याहून भव्य असें कांहीं नसतें. सोबर्सच्या ३६५ धांवांचा उल्लेख मघां केला. त्याच मालिकेच्या पहिल्या सामन्यांत, कांहीं आठवड्यांपूर्वीं, ब्रिजटाऊन येथें पाकिस्तानच्या हनीफ महंमदनेंही त्रिशतक काढलें होतें. वेस्ट इंडीजनें ९ बाद ५७९ केल्या होत्या; पाकिस्तान १०६ धांवांत कोसळलें. ४७३ धांवांची पिछाडी, सहा दिवसांचा सामना आणि तीन दिवसांहून अधिक खेळ शिल्लक. लहानखुरा हनीफ सलामीला आला आणि ९७० मिनिटें, म्हणजे सोळा तास दहा मिनिटें, खेळत राहिला. त्याच्या ३३७ धांवा झाल्या, पाकिस्तानच्या ८ बाद ६५७ झाल्या आणि सामना वांचला. कसोटींत याहून दीर्घ काळ कोणी खेळलेला नाहीं. रकाना म्हणतो, सोबर्स हनीफहून अठ्ठावीस धांवांनीं पुढें. एक खेळला उघड्या दारांतून. दुसरा खेळला तो घराला आग लागलेली असतांना.

अशीच आग २०१४ सालीं वेलिंग्टनला लागली होती. भारताविरुद्ध न्यूझीलंड २४६ धांवांनीं मागें, दुसऱ्या डावांत ५ बाद ९४. तेथून ब्रेंडन मॅक्युलमनें वॉटलिंगच्या साथीनें ३५२ धांवांची भागी रचली आणि स्वतः ३०२ धांवा काढून सामना वांचविला, मालिकाही राखली. न्यूझीलंडच्या फलंदाजानें काढलेलें तें पहिलें त्रिशतक. आणि २००१ सालच्या कलकत्त्याच्या सामन्याविषयीं काय सांगावें? स्टीव्ह वॉचा संघ ओळीनें सोळा कसोटी सामने जिंकून आलेला. भारतावर २७४ धांवांचा फॉलोऑन. लक्ष्मण यांनीं २८१, द्रविड यांनीं १८०, दोघांची भागी ३७६. एक सबंध दिवस दोघे बाद झालेच नाहींत. भारतानें ७ बाद ६५७ वर डाव घोषित केला आणि सामना १७१ धांवांनीं जिंकला. हनीफच्या सामन्यांतही आंकडा ६५७ च होता. योगायोगांचा शोक असणाऱ्यांनीं तो टिपून ठेवावा.

तर मग मापन करावें कसें? संघाच्या धांवांत एकट्याचा वांटा किती, हें माप पुष्कळांना सुचतें. बॅनरमनचा सदुसष्ट टक्के, हनीफचा एकावन्न, विश्वनाथांचाही एकावन्न, हटनचा चाळीस, जयसूर्याचा छत्तीस. येथवर माप बरें चाललें. पण याच मापानें लाराच्या ४०० ला त्रेपन्न टक्के मिळतात आणि लक्ष्मणांच्या २८१ ला त्रेचाळीसच! लक्ष्मणांच्या शेजारीं द्रविड उभे होते म्हणून लक्ष्मण लहान झाले कीं काय? सोबती चांगला मिळाला हा दोष, आणि सोबती नालायक निघाले हा गुण, असा विचित्र न्याय होतो. सबब हेंही माप मी हातांत घेऊन सोडून देतों. माझा स्वतःचा रिवाज साधा आहे. फलंदाज मैदानावर उतरला तेव्हां फलकावर काय होतें तें मी प्रथम पाहतों. मग समोरच्या गोलंदाजांचीं नांवें वाचतों. आणि शेवटीं मनाशीं विचारतों कीं, हा पहिल्याच चेंडूवर बाद झाला असता तर सामन्याचें काय झालें असतें? कोलंबोला जयसूर्या शून्यावर बाद झाला असता तरी दुसऱ्या कोणीतरी तेथें धांवा काढल्याच असत्या. ब्रिजटाऊनला हनीफ बाद झाला असता तर सामना बहुधा चौथ्या दिवशींच संपता. हीं उत्तरें रकान्यांत मिळत नाहींत. त्यासाठीं सबंध धांवफलक वाचावा लागतो, आणि तेवढे श्रम घेण्यास हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट. आंकडा कोठें थांबला हें पुष्कळदां फलंदाजाच्या कसबावर नव्हे, तर कोणाच्या तरी मर्जीवर ठरतें. १९९८ सालीं पेशावरला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क टेलर दिवसअखेर नाबाद ३३४ वर होता. ब्रॅडमनच्या आंकड्याशीं बरोबरी झाली होती. सकाळीं एक धांव काढली असती तर तो पुढें गेला असता. त्यानें डाव घोषित केला आणि ब्रॅडमनच्या शेजारीं बसणें पसंत केलें. २०२५ च्या जुलैमध्यें बुलावायोला दक्षिण आफ्रिकेचा व्हियान मुल्डर झिंबाब्वेविरुद्ध नाबाद ३६७ वर होता. लाराच्या ४०० ला तेहतीस धांवा कमी. दुसऱ्या दिवशींच्या उपाहाराची वेळ, म्हणजे सामना अर्धाही झाला नव्हता. कर्णधार तो स्वतःच, आणि कर्णधारपदाचा त्याचा तो पहिलाच कसोटी सामना. त्यानेंही डाव घोषित केला; हा उच्चांक लाराच्याच नांवावर राहावा, असें त्यानें सांगितलें. या औदार्याचें कौतुक झालें, तशी त्याला नांवें ठेवणारेही निघाले.

या दोघांनीं निदान स्वतः निर्णय घेतला. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्रातर्फे काठेवाडविरुद्ध रणजी सामन्यांत खेळत होते. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें त्या वेळचा जगाचा उच्चांक होता ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. मधल्या विश्रांतींत काठेवाडच्या कर्णधारानें आणखी खेळण्याचें नाकारलें, सामना सोडून दिला आणि त्याचा संघ मैदानावर परतलाच नाहीं. उच्चांकाला हव्या होत्या दहा धांवा. त्या ४४३ चा उच्चांक भारतीय फलंदाजांत आजही अबाधित आहे. पण कसोटी फलंदाजांच्या यादींत, ज्या रकान्याविषयीं आपण एवढा वेळ बोललों त्या रकान्यांत, निंबाळकरांच्या नांवापुढें १५४ ही नाहींत आणि शून्यही नाहीं. त्या यादींत त्यांचें नांवच नाहीं, कारण अधिकृत कसोटी सामना खेळण्यास त्यांना कधींच बोलावण्यांत आलें नाहीं.